आमचंच चुकलं

दिवे लागायची वेळ जवळ आली की कुलूपवाल्याचा जीव थाऱ्यावर राहत नसे. कानस खाली ठेवायची, पुन्हा उचलायची. अर्धी घासलेली किल्ली उजेडात धरायची आणि तिच्याकडे न बघताच पुन्हा शिकंज्यात अडकवायची. डोळे सगळे कोपऱ्यातल्या फळीवर. तिथं फोन होता. वेटोळ्या वायरीचा, बटणं झिजून गुळगुळीत झालेला, आणि किल्ल्यांनी काळ्या झालेल्या हातांनी इतकी वर्षं उचलल्यामुळे आपला मूळचा रंग विसरून गेलेला.

दुकान म्हणजे तरी काय, एका इमारतीच्या जिन्याखालची खोली. दाराशी ताठ उभं राहता येई, पण आत जावं तसं छत खाली उतरे आणि माणूस कुणाला तरी नमस्कार करायला निघाल्यासारखा वाकत जाई. तिन्ही भिंतींवर खिळे, खिळ्याखिळ्याला कोऱ्या किल्ल्या. रस्त्यानं जड गाडी गेली की सगळ्या भिंती किणकिणत. त्या आवाजात कुलूपवाल्याचा जन्म गेला होता. पण अलीकडे तेवढ्या किणकिणीनंही तो दचके आणि फोनकडे बघे.

मग फोन वाजे. खराच वाजे. कुलूपवाला हात पुसायच्या आत रिसीव्हर कानाला लावी.

"हॅलो. दुकान ना?"

"हो दादा, दुकानच."

"बंद केलंस?"

"करतोच आहे."

"कुलूप ओढून बघितलंस?"

"बघतो हं. ऐका."

दुकानाचं मोठं पितळी कुलूप तो फळीवरच्या लोखंडी कड्यात अडकवी, रिसीव्हर त्याच्याजवळ धरी आणि कुलूप दोनदा ओढी. खडक, खडक. पलीकडे थोडा वेळ नुसता श्वास. मग थोरला भाऊ म्हणे, "हं. आता बरं वाटलं." आणि फोन ठेवून देई.

रोजचं बोलणं एवढंच. पण या एवढ्याशा खिळ्यावर दोन घरांची रात्र टांगलेली होती.

थोरला भाऊ म्हणजे दादा. हे दुकान त्यानंच उभं केलेलं. धाकट्याच्या हातात पहिली कानस त्यानंच दिली, आणि पहिली टपली त्यानंच मारली. म्हातारपणी तो दूरच्या शहरात लेकाकडे राहायला गेला आणि तिथं त्याची आठवण हळूहळू गळायला लागली. आधी वस्तूंची नावं गेली. मग रस्ते गेले. मग माणसं जायला लागली. चाळीस वर्षांच्या संसारातल्या बायकोला तो आता "अहो बाई, तुम्ही कुणाकडच्या?" असं विचारी आणि वहिनी पदरानं डोळे टिपून म्हणे, "तुमच्याचकडची." इतकं सगळं गेलं, पण दुकानाचा फोन नंबर गेला नाही. जाणार कसा? किल्लीबरोबर जो पत्र्याचा बिल्ला द्यायचा, त्या प्रत्येक बिल्ल्यावर हा नंबर दादानं आपल्या हातानं ठोकला होता. एकेक आकड्याचा पोलादी ठसा पत्र्यावर धरायचा आणि वर हातोडी. गावातल्या निम्म्या खिशांमध्ये तो नंबर आजही खुळखुळतो. ती आठवण दादाच्या डोक्यात नव्हतीच, मनगटात होती. म्हणून ती राहिली.

लेकानं त्याला दुसरा सोपा उपाय करून पाहिला होता. मोबाइल कानाला लावून दिला, "बाबा, बोला काकाशी." दादानं तो परत दिला. म्हणाला, "हा आपला नंबर नाही." त्याला लेकाच्या घरातल्या फोनवर स्वतःच्या बोटांनी तो नंबर फिरवायचा असे, आणि कुलूप ओढल्याचा आवाज ऐकायचा असे. मगच त्याच्या लेखी दिवस संपे.

मध्यंतरी एकदा लाइन मेली. तेव्हा काय झालं ते वहिनीनं मोबाइलवर सांगितलं. "भावोजी, चार रात्री यांनी अंथरुणाला पाठ लावली नाही. घरातली दारं ओढून बघत फिरतात. शेजाऱ्यांचंसुद्धा दार ओढलं. शेजारी भला माणूस आहे, पण किती दिवस भला राहील?"

कुलूपवाल्यानं कंपनीकडे तक्रार केली. भर उन्हात एक माणूस आला. कंपनी त्याला इंजिनिअर म्हणत होती. खांद्यावर शिडी होती म्हणून गल्लीनं त्याला शिडीवाला म्हटलं. तो आत आलाच नाही. सरळ कोपऱ्यावरच्या खांबावर चढला, वरची डबी उघडली आणि ओरडला, "काका, मुंग्या! अख्खं वारूळ आहे इथं!" डबी झाडली, तारा खरवडून पुन्हा जोडल्या, खाली उतरला. अंगावर चढलेल्या मुंग्या झटकत, मान खाजवत तो बिचारा पायरीवर बसला आणि हातातल्या मोबाइलवर काहीतरी दाबायला लागला. कुलूपवाल्यानं त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि त्याच्या घामेजल्या मानेकडे बघून मनापासून म्हणाला, "आमचंच चुकलं हो."

फोन वाजायला लागला. दादा झोपायला लागला. गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती.

मग बिल आलं.

बिलात नेहमीच्या आकड्याखाली दुसरा एक आकडा बसला होता, पहिल्यापेक्षा जाडजूड. त्याच्यासमोर लिहिलं होतं, 'इंजिनिअर भेट शुल्क'.

"भेट?" कुलूपवाल्याची बायको म्हणाली. ती दुकानाच्या दाराशी बसून जुनी कुलपं रॉकेलमध्ये भिजत घालत होती. "भेट कुणी कुणाला दिली? तो काय हातात फुलं घेऊन आला होता?"

"अगं, भेटायला आला, त्याचे पैसे."

"आपल्याला कुठं भेटला? भेटला तो मुंग्यांना. त्यांच्याकडून घ्या म्हणावं."

समोरच्या दुकानातला चष्मेवाला तिथंच उभा होता. त्याला स्वतःच्या दुकानापेक्षा दुसऱ्याच्या दुकानात जास्त स्पष्ट दिसे. तो म्हणाला, "कुलूपवाले, भरून मोकळे व्हा. भांडण तुमच्या प्रकृतीला मानवायचं नाही. मांजराच्या शेपटीवर पाय पडता पडता राहिला तरी तुम्ही मांजराची माफी मागता."

बायको हसली. कुलूपवाल्याला हसू आलं नाही. बिलाच्या खाली बारीक अक्षरात एक ओळ होती, ती तो पुन्हा पुन्हा वाचत होता. 'दोष ग्राहकाच्या बाजूचा आढळल्याने.' म्हणजे तार त्यानं बिघडवली. म्हणजे दादाच्या त्या चार रात्री त्यानं बिघडवल्या. पैसे गेले तर गेले, पोटाला चिमटा बसेल आणि सुटेल. पण ही ओळ एकदा मान्य केली की खांबावर पुन्हा मुंग्या चढतील तेव्हाही दोष त्याचाच. आणि मुंग्या चढणारच होत्या. खांबाला टेकूनच झाड होतं.

"मी भरणार नाही," तो म्हणाला.

"नाही भरले तर?" बायकोनं विचारलं.

तेही बिलात लिहिलं होतं. लाइन बंद. आणि बंद झालेला नंबर पुन्हा मिळेल याची खात्री नाही.

बायकोचा हात रॉकेलमध्येच थांबला. "अहो," ती हळूच म्हणाली, "नंबर गेला तर दादा कुठं फोन लावतील?"

त्या दिवसापासून कुलूपवाल्याच्या पायाला भिंगरी लागली. जेवताना उठे, दुकानात जाऊन रिसीव्हर उचले, आतली घूं ऐके आणि परत येऊन गार भात कालवे. गिऱ्हाइकाशी बोलता बोलता मध्येच गप्प होई. एका बाईला तिच्या कपाटाची किल्ली म्हणून सायकलची किल्ली दिली. चष्मेवाल्यानं ते बघितलं आणि म्हणाला, "डोळे तपासून घ्या, ओळखीत करून देतो."

कंपनीला फोन लावायचा, तो दुकानाच्याच फोनवरून लावावा लागे. दुसऱ्या नंबरावरून तक्रार घेत नसत. आधी यंत्र बोले. मग गाणं लागे. मग एखादी मुलगी येई.

"नमस्कार," कुलूपवाला म्हणे, "त्रास देतो हं, माफ करा. आमचंच काहीतरी चुकलं असेल, पण ते भेटीचं जे लावलंय..."

"ठीक आहे सर, आपली नोंद घेतली आहे," मुलगी म्हणे. आवाज इतका गोड की कुलूपवाला खूश होऊन फोन ठेवी. "झालं काम. चांगली मुलगी होती."

दोन दिवसांनी कंपनीचा निरोप येई: तक्रार फेटाळली.

पुन्हा फोन. पुन्हा गाणं. या खेपेला मुलगा. "सर, मागच्या वेळीही तुम्ही चूक मान्य केली आहे."

"मी? कधी?"

"रेकॉर्डिंग आहे सर."

"नाही नाही, ऐकण्यात गल्लत झाली असेल. आमचंच चुकलं, मला नीट सांगता येत नाही..."

"ठीक आहे सर, नोंद घेतली."

तिसऱ्यांदा तर फोनवरच्या बाईनं सरळच सांगितलं, "काका, तुम्ही दर वेळी चूक कबूल करता आणि दर वेळी शुल्क माफ करा म्हणता. कंपनीनं करायचं काय?"

आपण झोपेत बोलतो की काय अशी शंका कुलूपवाल्याला यायला लागली. शेवटी शर्ट बदलून तो कंपनीच्या ऑफिसात गेला. काचेपलीकडच्या माणसानं मान वर न करता सांगितलं, "तक्रार इथं नाही, फोनवर." मग मान वर करून, जरा मऊपणानं म्हणाला, "परवापासून लाइन बंद दाखवतंय काका. आज-उद्या काय ते उरका."

"माफ करा हं, आमचंच चुकलं, चुकीच्या खिडकीवर आलो," असं म्हणून कुलूपवाला बाहेर पडला.

बाहेर फाटकाशी शिडीवाला उभा होता. मोटारसायकलला शिडी बांधत होता. कुलूपवाल्याला बघून त्याचा चेहरा उजळला. "काका! तुम्ही इकडं कुठं?"

"तुमच्या भेटीचे पैसे लावलेत कंपनीनं. दोष म्हणे माझा. तुम्हीच सांगा, मुंग्या कुठं होत्या?"

"खांबावर होत्या."

"मग?"

शिडीवाल्यानं दोरीची गाठ सोडली. "पण काका, तुम्हीच कबूल केलंत ना? काम संपलं की मोबाइलवर दाबावं लागतं, दोष कंपनीचा की गिऱ्हाइकाचा. मी कंपनीचाच दाबणार होतो. तेवढ्यात तुम्ही तांब्या ठेवला आणि म्हणालात, 'आमचंच चुकलं हो.' मला वाटलं आत तुम्ही वायरीशी काही खटाटोप केला असणार. माणूस स्वतःच्या तोंडानं कबूल करतोय म्हटल्यावर मी नाही म्हणणारा कोण?"



"इतक्या वर्षांत कुणी कबूल केलं नव्हतं," शिडीवाला पुढं म्हणाला. "घरी जाऊन बायकोला सांगितलं मी, आज एक सच्चा माणूस भेटला."

"अरे बाबा! तुझ्या मानेला मुंग्या चावल्या होत्या म्हणून म्हटलं मी ते!"

"मुंग्या चावल्या त्यात तुमचं काय चुकलं?"

कुलूपवाला फाटकाच्या कट्ट्यावर खाली बसला. शिडीवालाही त्याच्या बाजूला बसला. त्याचा चेहरा उतरला होता. "एकदा दाबलं की ते बंद होतं, काका. मला उघडता येत नाही. कुलूपच लागतं त्याला. मला विचारलं तर मी मुंग्यांचं सांगीन, पण आधी तुम्ही स्वतः फोनवर म्हणायला हवं, चूक माझी नव्हती म्हणून. स्पष्ट. एवढं एक वाक्य. मध्ये दुसरं काही घालू नका."

दुकानात परत येईपर्यंत कुलूपवाला ते वाक्य मनात घोळवत होता. चूक माझी नव्हती. साधी तीन शब्दांची गोष्ट. पण तोंडात धरली की दाताखाली खडा आल्यासारखी वाटे.

आणि त्याला कारण होतं. 'आमचंच चुकलं' हा शब्द त्याला दादानं शिकवलेला. दादा म्हणे, कुलूपवाल्याला बोलावणं येतं तेव्हा दाराबाहेर उभा असलेला माणूस आधीच अर्धमेला झालेला असतो. स्वतःच्याच घराबाहेर उभा असतो तो. किल्ली हरवली, आत विसरली, बायकोशी भांडण झालं, काहीही असेल. शेजारी जिन्यातून बघत असतात. अशा वेळी आपण गेल्या गेल्या काय म्हणायचं? 'किल्ली कुठं टाकलीत' असं विचारायचं नाही. म्हणायचं, 'आमचंच चुकलं, यायला जरा उशीर झाला.' चूक आपल्या अंगावर घ्यायची. मग तो माणूस मोकळा होतो, खरं सांगतो, आणि आपलं काम सोपं होतं. धाकट्यानं ते इतकं मनावर घेतलं की जन्मभर दुसऱ्या कुठल्या शब्दानं त्याचं बोलणं सुरूच झालं नाही. लग्न झाल्यावर बायकोशी पहिलं वाक्यसुद्धा तेच बोलला होता. ती बिचारी रात्रभर विचार करत बसली, याचं काय चुकलं असेल?

बायकोनं सगळं ऐकून घेतलं. आधी पोट धरून हसली, मग पदर खोचून उभी राहिली. "चला. सराव करू. मी कंपनी."

"तू?"

"मी. हॅलो, कंपनी बोलतेय. काय काम आहे?"

"माफ करा हं, जरा त्रास..."

तिनं चमचा ताटावर हाणला. टण्ण! "पुन्हा."

"हॅलो. ते बिलाचं... म्हणजे तुमची काही चूक नाही, आमचंच..."

टण्ण!

"अगं, एवढ्या जोरात वाजवू नकोस."

"कंपनीला 'अगं' म्हणतात का? पुन्हा."

चष्मेवाला आवाज ऐकून आला आणि दारातच टेकून बसला. थोड्या वेळानं तोही कंपनी झाला. तो नाकातून बोले. "सर, आपली तक्रार आम्ही कचऱ्याच्या डब्यात नोंदवली आहे."

"आमचंच चुक..."

टण्ण!

"वहिनी, ताट फुटेल हो," चष्मेवाला म्हणाला.

"फुटू दे. ताट बाजारात मिळतं. नंबर मिळत नाही."

भिंतीवरच्या किल्ल्या जराशा किणकिणल्या आणि कुलूपवाल्यानं फोनकडे बघितलं.

दुसरा दिवस शेवटचा. सकाळपासून एकामागून एक गिऱ्हाइकं. एक लग्नघरच कुलपाबाहेर अडकलं होतं, तिकडं जावं लागलं. तिथून परत येऊन कुलूपवाल्यानं कंपनीला फोन लावला तेव्हा उन्हं उतरली होती. यंत्र बोललं. गाणं लागलं. एकच गाणं, संपे तिथूनच पुन्हा सुरू होई.

बायको दाराशी उभी राहून रस्त्याकडे बघत होती. रस्त्यावरचे दिवे लागायला थोडाच अवकाश होता. दिवे लागले की दादाचं बोट आकड्यांवर फिरायला लागणार, आणि हा फोन असा अडकलेला. त्याला ऐकू येणार ते नुसतं टूं टूं. लाइन मेली होती तेव्हा जसा तो रात्रभर दारं ओढत फिरला होता, तसाच आजही फिरणार.

"ठेवून देता का?" बायको म्हणाली. "दादांचा येऊन गेला की मग लावा."

"मग यांचं ऑफिस बंद होतं. उद्या लाइन बंद होते."

"मग धरा."

त्यानं धरला. एका हातानं रिसीव्हर, दुसऱ्या हातानं पितळी कुलूप. कुलूप तळहातात फिरवता फिरवता ओलं झालं. एकदा त्याचा हात आपोआप फोन खाली ठेवायला निघाला, अर्ध्यावर थांबला. गाणं चालूच. समोरच्या दुकानात चष्मेवाल्यानं दिवा लावला. मग कोपऱ्यावरचा, मुंग्यांच्या खांबावरचा दिवा लुकलुकला आणि लागला.

"लागले," बायको म्हणाली.

त्याच क्षणी गाणं तुटलं. "नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते?"

कुलूपवाल्याच्या ओठांवर शब्द आला. आला आणि बायकोनं चमचा उगारला. त्यानं शब्द गिळला. इतका मोठा घोट त्यानं कधी घेतला नव्हता.

"बिलात भेट शुल्क लावलंय," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच परका वाटला. "ते काढून टाका."

"एक मिनिट सर." बटणांचा आवाज. "सर, इथं तर तुम्ही चूक मान्य केल्याचं दिसतंय. एकदा नाही, बऱ्याच वेळा."

"ते बोलण्याच्या सवयीनं. मनानं नाही."

"म्हणजे सर?"

हे हिला कसं समजावायचं? एरवी त्यानं दादापासून सुरुवात केली असती, दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाचं सांगितलं असतं. पण दिवे लागले होते. दूरच्या शहरात एक म्हातारा टूं टूं ऐकत होता. कुलूपवाला उभा राहिला, छताला डोकं आपटलं, सगळ्या किल्ल्या थरथरल्या.

"मुली, ऐक," तो म्हणाला. "खांबावर मुंग्या होत्या. तुमच्या माणसाला विचार. चूक माझी नव्हती. चूक माझी नव्हती. आता लवकर सांग, या फोनवर माझा थोरला भाऊ यायचाय. त्याला हा एकच नंबर येतो."

मुलीचा आवाज बदलला. गोडवा गेला आणि माणूस आला. "काका, धरून ठेवा हं. ठेवू नका." पुन्हा गाणं. कुलूपवाल्यानं डोळे मिटले. बायको येऊन त्याच्या शेजारी उभी राहिली. त्यानं रिसीव्हर थोडा वाकडा केला, मग दोघंही कान लावून ते मेलं गाणं ऐकत राहिले.

"काका? तुमच्याकडे आलेल्या माणसाशी बोलले मी. तो म्हणाला, मुंग्याच होत्या, आणि मला अजून खाज सुटते. शुल्क काढलं आहे. लाइन चालू राहील. तुम्हाला झालेल्या त्रासाबद्दल कंपनीच्या वतीनं माफी मागते."

"अहो, तुमचं काय त्यात, आमचंच..."

बायकोनं त्याच्या तोंडावर हात दाबला आणि दुसऱ्या हातानं रिसीव्हर जागेवर ठेवला.

तो ठेवला तेव्हा दुकानात इतकं शांत झालं की किल्ल्यांनासुद्धा हालायची भीती वाटावी. दोघं फोनकडे बघत उभी. रस्त्यावरचे सगळे दिवे आता नीट पेटले होते. एक गाडी गेली. भिंती किणकिणल्या आणि थांबल्या. फोन वाजला नाही.

"कंटाळून ठेवला असेल त्यांनी," बायको म्हणाली.

"मोबाइलवरून वहिनीला विचारू?"

"विचारून काय होणार? ते त्यावर कुठं बोलतात?"

तो दाराशी जाऊन आला. स्टुलावर बसला, उठला. पितळी कुलूप कड्यात अडकवलं, काढलं, पुन्हा अडकवलं. दादा आता घरातली दारं ओढत हिंडत असेल. शेजाऱ्याच्या दारापर्यंत पोचलाही असेल. नंबर राखला आणि नेमकी आजची रात्र घालवली, असं काहीतरी त्याच्या मनात येत होतं आणि तो ते पुरतं येऊ देत नव्हता.

फोन वाजला.

"हॅलो," पलीकडून आवाज आला. थकलेला, बावरलेला. "हॅलो. कोण?"

"दादा, मी."

"कोण मी?"

इतकं आजवर झालं नव्हतं. वहिनीला विसरला होता, लेकाला विसरला होता, पण या फोनवर तो कधी "कोण" म्हणाला नव्हता.

"माझ्याकडून चुकीचा नंबर लागलेला दिसतोय," दादा म्हणाला. शरमलेल्या, हळू आवाजात, जसा माणूस जिन्यात शेजाऱ्यांसमोर बोलतो तसा. "मघापासून लावतोय, लागत नाही. बोटं चुकतात हल्ली. माफ करा हं. ठेवतो."

"ठेवू नका!" कुलूपवाला ओरडला. मग त्यानं आवाज खाली आणला, अगदी खाली, परक्या माणसाच्या दाराशी पहिल्यांदा जाताना आणावा तसा. "नंबर बरोबर लागलाय. तुमची बोटं नाही चुकली. आमचंच चुकलं हो. फोन आम्हीच अडकवून ठेवला होता."

बायकोचा हात चमच्याकडे गेला नाही.

पलीकडे श्वास. मग जरा सैल झालेला आवाज. "असं होय. मला वाटलं माझंच काहीतरी."

"छे, छे. आमचंच."

"दुकान ना?"

"दुकानच."

"कुलूप ओढून बघितलंस?"

कुलूपवाल्यानं रिसीव्हर कड्याजवळ धरला आणि पितळी कुलूप ओढलं. खडक. रोजच्यासारखं आणखी एकदा ओढलं. खडक.

"हं," दादा म्हणाला. "आता बरं वाटलं."